तिसऱ्यांदा पोट उघडायचं का?

चोपडा तालुक्यातल्या एका मामांनी त्यांच्या २१ वर्षांच्या भाचीबद्दल विचारलं आहे. चार वर्षांपासून तिचं पोट फुगतं, दुखतं, हिरव्या उलट्या होतात. नाकातून नळी घालून दोन-चार दिवस सलाईन लावलं की उतरतं, महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. दोनदा पोट उघडून झालं. पहिल्यांदा अपेंडिक्स काढलं, दुसऱ्यांदा ‘चिकटलेली आतडी’ सोडवून फुगलेला एक तुकडा कापला. मधे नऊ महिने टीबीची औषधं झाली. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. आता मुंबईत त्या जुन्या तुकड्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहून ‘व्हिसरल मायोपॅथी’ असं निदान केलंय. इकडे मात्र पोट पुन्हा फुगल्यामुळे तिसऱ्या ऑपरेशनची तारीख घ्या म्हणतायत. काय करावं, हा आजार बरा होतो का, आणि मुलीच्या लग्नाचं काय, असे तीन प्रश्न आहेत.

भाऊ, तारखेचं आधी सांगतो, कारण ते थांबणारं नाही. ताप नसेल, पोट लाकडासारखं कडक नसेल, नाडी खूप पळत नसेल, शौचातून रक्त नसेल आणि सीटी स्कॅनमध्ये पीळ किंवा अडथळ्याची नेमकी जागा दिसत नसेल, तर ती तारीख रद्द करा. यातलं एक जरी असलं तर सर्जनचं ऐका, कारण असं सैल, फुगलेलं आतडं कधी कधी खरोखरच पीळ खातं. पण नुसत्या फुगलेल्या एक्सरेवर पोट उघडलं तर आत काही सापडणार नाही, आणि बाहेर पडताना ती आणखी थोडी आजारी होऊन पडेल.

आजार समजायला तुमच्या केळीच्या बागेत चला. ठिबक चालू आहे, पण शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. कारणं दोनच. नळी कुठंतरी चोंदली असेल, नाहीतर मोटार दाब देत नसेल. पोटाच्या डॉक्टरला रोज भेटतं ते चोंदलेलं आतडं: टीबीने आखडलेलं, जुन्या ऑपरेशनने चिकटलेलं, हर्नियात अडकलेलं. तुमच्या भाचीची नळी मोकळी आहे. तिच्यात दाब नाही. म्हणून या सगळ्या गटाला ‘आतडं अडल्याचा भास’ अशा अर्थाचं स्यूडो-ऑब्स्ट्रक्शन हे नाव पडलं.

आता मोटार बंद पडण्याचीही दोन कारणं असतात. स्टार्टर-वायरिंग गेलं असेल किंवा वाइंडिंग जळलं असेल. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल वेढ्यांचा आणि बाहेरचा लांबीच्या दिशेने जाणारा. दोन्हींच्या मधे मज्जातंतूंचं जाळं आणि ताल धरणाऱ्या ‘काहाल’ (Cajal) नावाच्या पेशी. जठराचा ताल मिनिटाला ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२ च्या आसपास, शेवटाकडे ८ च्या जवळ. जाळं बिघडलं तर ती न्यूरोपॅथी, म्हणजे वायरिंग. स्नायूच झिजून त्याच्या जागी निबर तंतू आले तर मायोपॅथी, म्हणजे वाइंडिंग. हा फरक कागदावरचा नाही, औषध किती चालेल ते त्यावर ठरतं. वाइंडिंग जळालेल्या मोटारीला नवा स्टार्टर लावून किती फरक पडेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः यात चुकलो आहे. शिरपूरकडचा एक तरुण, अशाच तक्रारी. मी टीबीची औषधं चालू केली, गुण येईना तसं सर्जनकडे पाठवलं. पोट उघडल्यावर त्यांनी मला आत बोलावून घेतलं. हवा भरलेल्या सायकलच्या ओल्या ट्यूबसारखी आतडी बाहेर ठेवलेली, भिंत इतकी पातळ की पलीकडचा पिवळा रस दिसत होता. सर्जननी चिमट्याने हलकेच चिमटा काढला. निरोगी आतडं अशा वेळी आक्रसतं, लाट पुढे सरकताना दिसते. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. चिमटा काढला तिथे भिंत जरा पांढरी पडली, बाकी काही नाही. अडथळा शोधायला वरपासून खालपर्यंत आतडी हाताखालून गेली, सापडला नाही, पोट बंद केलं. दुर्दैव असं की तुकडा घ्यायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही, आणि त्या ऑपरेशनने खरीखुरी चिकटण तयार झाली. पुढच्या प्रत्येक वेळी ही नळी आहे की मोटार, हे ठरवताना आमची दमछाक व्हायची. तुमच्या भाचीच्या दोन ऑपरेशनांनंतर तिच्या डॉक्टरांची आज तीच अडचण असणार. त्यांना फार दोष देऊ नका.

टीबीचंही तसंच. आपल्या भागात बारीक झालेली मुलगी, पोटदुखी, उलट्या म्हटल्यावर पहिला संशय टीबीचाच यायला हवा, आणि बहुतेक वेळा तो रास्त असतो. पण पोटाचा टीबी साधारणपणे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतो. सीटीत तिथे जाड झालेली भिंत दिसते, तिच्या वरचं आतडं फुगलेलं आणि खालचं मिटलेलं. भास असेल तर फुगलेलं आणि मिटलेलं यांच्यातली सीमारेषाच सापडत नाही. शिवाय पोटाच्या टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, आणि दोन महिन्यांत भूक-वजनात फरक दिसायला लागतो. दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यात पुरावा नाही, दोन महिन्यांत वजन हललं नाही, तरी ‘अजून तीन महिने वाढवू’ म्हटलं गेलं, तिथे फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला हवी होती. नंदुरबारकडचे पेशंट असतील तर मी आणखी एक गोष्ट न चुकता बघतो, ती म्हणजे सिकलसेल. भिल्ल-पावरा समाजात तो बराच आहे, आणि त्याच्या झटक्यातलं पोट हुबेहूब ऑपरेशनच्या पोटासारखं दिसतं. तपासणी साध्या रक्तावर होते.

तुमच्याकडे मात्र एक मोठी जमेची बाजू आहे, ती म्हणजे तो कापलेला तुकडा. दुर्बिणीतून जो चिमूटभर तुकडा घेतात त्यात फक्त आतलं अस्तर येतं, स्नायू येतच नाही. या रोगाचं निदान करायला भिंतीची पूर्ण जाडी लागते. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, नातेवाईकांनी मागितला तर मिळतो, आणि त्यातून नव्या काचपट्ट्या काढून वेगळे रंग देता येतात. ट्रायक्रोम नावाच्या रंगात निरोगी स्नायू लालभडक पट्ट्यासारखा दिसतो. मायोपॅथीत त्या लाल पट्ट्यात निळी जाळी घुसलेली असते, आणि स्नायूपेशींत पोकळ्या पडून त्या पोळ्यासारख्या दिसतात. मुंबईच्या डॉक्टरांनी हेच पाहिलं असणार. तो ठोकळा आता स्वतःच्या ताब्यात ठेवा.

काचपट्टी स्नायू गेला एवढं सांगते. का गेला, ते सांगत नाही. म्हणून काही गोष्टी अजून पाहायच्या आहेत. थायरॉइड, साखर, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. थंड पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात का, चेहऱ्याची-हातांची कातडी ताठ होते का, कारण स्क्लेरोडर्मा आतड्याचा स्नायू असाच खातो आणि त्याच्या रक्ताच्या तपासण्या सहज होतात. पापण्या खाली आल्यात का, डोळे सगळीकडे फिरतात का, पायाला मुंग्या येतात का, हेही बघा. इतक्या बारीक मुलीत असं काही असेल तर थायमिडीन नावाचा घटक रक्तात साठणारा एक आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात बदल दिसतात आणि उपचाराची दिशाच वेगळी असते. याखेरीज मूत्राशयाची सोनोग्राफी करा, लघवीच्या आधी आणि नंतर. मूत्राशयाचा स्नायू त्याच जातीचा आहे. तिला तासन् तास लघवीला जावं लागत नाही, याचं घरात कौतुक होत असेल तर ते कौतुक थांबवा. हातापायांचे स्नायू वेगळ्या जातीचे असतात, म्हणून पोट बंद असताना ती हंडा उचलू शकते आणि ‘हिला काही झालेलं नाही, नाटकं करते’ असं ऐकून घेते.

आतड्यातला दाब मोजण्याची मॅनोमेट्री मुंबई-पुण्यात मोजक्या ठिकाणी होते. मायोपॅथीत दाबाच्या लाटा ओळीने येतात पण बुटक्या, पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आतल्या. न्यूरोपॅथीत उंची ठीक, पण लाटांचा ताळमेळ नाही. काचपट्टी इतकी स्पष्ट असताना केवळ त्यासाठी मी तिला आगगाडीत बसवणार नाही. बेरियम पाजून एक्सरे काढू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, न हलणाऱ्या आतड्यात तो खडूसारखा घट्ट बसतो.

आता उपचार. स्नायू परत आणणारं औषध आज नाही, हे सरळ सांगतो. पण या आजारात माणसं दगावतात ती बहुधा उपासमारीने, जंतुसंसर्गाने आणि नको त्या ऑपरेशनने, आणि या तिन्हींवर आपला हात चालतो. माझ्या टेबलावर अशा पेशंटच्या एक्सरेपेक्षा वजनाचा तक्ता वर असतो.

३६ किलो आणि १५५ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १५. फारच कमी. इथे घाई धोक्याची आहे. घरचे म्हणतात आता तरी पोटभर खाऊ घाला, टॉनिकच्या बाटल्या येतात, कुणी एकदम ग्लुकोजच्या सलाईनी चढवतं. इतक्या उपाशी शरीरात अन्न अचानक गेलं की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून झपाट्याने उतरतात आणि हृदय अडखळू शकतं. म्हणून आधी थायमिन म्हणजे बी-१ ची इंजेक्शनं, मग किलोमागे १० कॅलरीपासून सुरुवात. तिच्यासाठी दिवसाला ३६० कॅलरी, एवढंच. रोज रक्त तपासत पाच-सात दिवसांत वर न्यायचं. हे दवाखान्यात भरती करूनच होतं. पुढचं लक्ष्य १२०० ते १३०० कॅलरी आणि ४० ते ५० ग्रॅम प्रथिनं.

खाण्याचं तुमच्या भाषेत सांगतो, कारण ‘मऊ आहार’ असा कागद घेऊन गेलेल्या बाया घरी जाऊन भरीत-भाकरी देतात. भरीत मऊच असतं की! पण वांग्याच्या बिया, साल आणि वरचं तेल या आतड्याला पेलत नाही. कळण्याची भाकरी, बिबडे, शेवभाजी, कच्ची काकडी, पेरू, मेथी, सगळं बंद. धाग्याधाग्यांचं अन्न तिथे साठून गोळा होतो. तुपा-तेलाने जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. चालतं ते असं: गाळलेलं मुगाचं वरण, गिजगा भात, रव्याची पेज, मऊ अंडं, पनीर कुस्करून, पचत असेल तर ताजं ताक. पूर्ण पिकलेलं केळं अर्धं, कुस्करून; पोटॅशियमही मिळतं. कच्च्या केळ्याची भाजी किंवा वेफर नको, त्यातला स्टार्च पचत नाही आणि जंतूंच्या तोंडी जाऊन गॅस होतो. दिवसातून सहा-सात वेळा, एका वेळी वाटीभर, आणि घन पदार्थ सकाळी, पातळ संध्याकाळनंतर, कारण दुपारनंतर या पोटांची ताकद संपत आलेली असते. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

तोंडाने वजन वाढेना तर नाकातून किंवा पोटावरून नळी लहान आतड्यात नेऊन रात्री दहा-बारा तास थेंबथेंब आहार देता येतो. एका आईने मला मोठ्या अभिमानाने दाखवलं होतं, खिचडी मिक्सरमधून काढून, धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळलेली. जठरातल्या जाड नळीला ती चालली असती. आतड्यातल्या बारीक नळीत तिसऱ्या दिवशी घट्ट बसली. तिथे तयार पावडरच वापरायची, उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि चार तासांच्या वर एक पिशवी टांगायची नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तर अजिबात नाही.

तेही जमेना तर शिरेतून आहार. त्यात मोठ्या शिरेत कायमची नळी, निर्जंतुक हात, २ ते ८ अंशांत ठेवलेल्या पिशव्या, लाइट गेली तरी चालणारा फ्रीज, आणि रोजचा हजारांतला खर्च. परदेशात लोक यावर वर्षानुवर्षं घरी राहतात. इथे मी ते थोड्या मुदतीसाठी वापरतो: वजन सावरायला, किंवा ऑपरेशन टळतच नसेल तेव्हा आधी. पिशवी चालू असताना हुडहुडी भरून ताप आला तर तो मलेरिया समजून घरी बसू नका, नळीत जंतू गेलेत असं धरून त्याच तासाला निघा. आतड्याचं प्रत्यारोपण भारतात मोजक्या ठिकाणी होतं. शिरेतला आहार अशक्य झाला, यकृत खराब होऊ लागलं, शिरा संपल्या, की तो विषय काढायचा. आज नाही.

औषधांत मी आधी जंतूंकडे बघतो. साचलेल्या पाण्यात शेवाळ येतं तसं थांबलेल्या आतड्यात जंतू वाढतात. ते बी-१२ खातात, पोट फुगवतात, जुलाबही करतात. रिफॅक्सिमिनसारखं औषध दहा-चौदा दिवस, मग खंड, पुढच्या वेळी दुसरं. मेट्रोनिडाझोल महिनोन् महिने देऊ नये, पायांच्या नसा जातात. पुष्कळ पेशंटना सगळ्यात जास्त आराम जंतूंवरच्या या उपचारानेच पडतो. आतडं हलवणारी औषधं, म्हणजे प्रुकॅलोप्राइड १ ते २ मिलिग्रॅम, पायरिडोस्टिग्मिन, थोड्या दिवसांपुरतं एरिथ्रोमायसिन, रात्री ऑक्ट्रिओटाइडचं छोटं इंजेक्शन, ही एकेक करून, ईसीजी बघून, महिनाभर द्यावीत. मायोपॅथीत यश कमी, पण थोडा स्नायू शिल्लक असेल तर तेवढ्याने एखादी भरती टळते. वजन किंवा भरत्यांची संख्या हलली नाही तर बंद करायची. नुसती यादी वाढवू नये.

आणि टाळायच्या गोष्टी. यासाठी तिच्या पर्समध्ये एक कागद असू द्या, कारण रात्री दोनला जो डॉक्टर भेटेल त्याला हे ठाऊक नसणार. डायसायक्लोमिन किंवा हायोसिन असलेली पोटदुखीची गोळी-इंजेक्शन नको. ती निरोगी आतड्याची कळ थांबवतात ती आतडं ढिलं करूनच. ट्रामाडॉल आणि पेंटाझोसिन नको. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड नको, झोपेसाठी म्हणून अमिट्रिप्टिलिन नको. दुखलं तर पॅरासिटामॉल शिरेतून, नाकातून नळी, पोटॅशियम भरून काढणं, आणि धीर. कागदावर तिचा फुगलेला, पण त्रास नसतानाचा एक्सरेही चिकटवा. तिचं नेहमीचं पोट असंच दिसतं हे कळलं तर समोरच्याचा हात सुरीकडे जात नाही.

ऑपरेशनला माझा कायमचा विरोध नाही. जठरातली हवा-पाणी बाहेर काढायला पोटावर छोटी नळी बसवली तर उलट्या आणि भरत्या कमी होतात, ती दुर्बिणीतून बसते. काहींना लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून दिल्याने आराम पडतो. पण कापून जोडण्याने गुण येत नाही, उरलेलं आतडं त्याच स्नायूचं असतं.

अमळनेरकडच्या एक आजी माझ्याकडे यायच्या. त्या म्हणायच्या, “पोट ढोलना मायक फुगी जास, पन आवाज काही येत नही.” चोंदलेलं आतडं सुरुवातीला धडपडतं, स्टेथोस्कोपला टिणटिण आवाज येतात. या आजारात बहुधा शांतता असते. इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलं नाही.

लग्नाचं. रक्तातून जनुकाची तपासणी करून घ्या, त्यात एसीटीजी-२ हे जनुक पहिल्यांदा बघतात, कारण मायोपॅथीत सर्वांत जास्त दोष तिथेच सापडतो. तो दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. पुष्कळदा दोष आई-बापांत नसतोच, पेशंटमध्येच पहिल्यांदा उपजतो, म्हणून ‘आईकडून आलं’ अशी कुजबूज चालू असेल तर ती रिपोर्ट येईपर्यंत तरी मिटवा. गर्भाशयाचा स्नायूही याच जातीचा. अशा काही बायकांत बाळंतपणाच्या कळा कमी पडल्याचं नोंदलेलं आहे. त्यामुळे बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच. लग्न करू नये असं वैद्यकीय कारण मला दिसत नाही. लपवून करू नये एवढं नक्की, पोटावरचे दोन व्रण तसेही लपत नाहीत. आणि हे तिला विचारून ठरवा. तुमच्या पत्रात ती स्वतः काय म्हणते ते कुठेच नाही.

जळगावला आणाल तेव्हा मेणाचा ठोकळा, सीटीची सीडी आणि चार वर्षांतली वजनं एका कागदावर लिहून आणा. तिला उपाशी आणू नका. सकाळी सातला पेज-वरण देऊन निघा आणि वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नका. अकराच्या सुमारास मी तिचं पोट हलवून बघेन, तोवर आत पाणी खळखळतं का ते मला ऐकायचं आहे.